डिप्रेशनमध्ये मदत मागणं इतकं जड का जातं, आणि तरी ती कशी मागायची: कॉलेजच्या मुलामुलींसाठी

डिप्रेशनवर उपचार आहेत, चांगले आहेत, आणि तरी कॉलेजमधली कितीतरी मुलंमुली महिनोन्‌महिने कुणाकडेच जात नाहीत. लाज वाटते, पैसे नसतात, घरी कळेल याची भीती असते, हे सगळं खरंच आहे, पण मला यातलं सगळ्यात मोठं कारण वेगळंच वाटतं. मदत मागायला जे जे लागतं नेमकं तेच हा आजार आधी काढून घेतो. काही ठरवता येत नाही, फोन लावायचं त्राण नसतं, कशाने काही बदलेल असं वाटतच नाही, आणि वर आपल्यासाठी कुणी वेळ घालवावा एवढे आपण कुठले, असंही वाटत राहतं. मोडलेल्या हातानेच त्या हाताला पट्टी बांधायची, असा हा प्रकार. त्यामुळे नुसतं 'मदत घे ना' म्हणून भागत नाही. कुठे जायचं, तिथे काय विचारतात, आपण काय बोलायचं, हे आधी माहीत असेल तर ते काम जरा लहान होतं, आणि या लेखात तेच सांगायचंय. पूर्ण वाचायचं त्राण नसेल तर मधलं सोडून थेट डॉक्टरकडे काय बोलायचं त्या भागावर गेलात तरी चालेल.

आधी डिप्रेशन कशाला म्हणतात ते. पेपर वाईट गेला, ब्रेकअप झालं, घरी भांडण झालं म्हणून चार दिवस काही सुचत नाही, ते डिप्रेशन नाही. दुःखात रडू येतं पण मधेच मित्र काही बोलला की हसूही येतं, आवडीचं गाणं लागलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि दिवस जातील तसं ते ओसरतं. डिप्रेशनमध्ये हे ओसरणंच थांबतं. डॉक्टर निदान करताना साधारण नऊ लक्षणं बघतात, त्यातली किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराच वेळ असावी लागतात, आणि त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी असायलाच हवं. ती पहिली दोन म्हणजे मन सतत उदास किंवा रिकामं वाटणं आणि आधी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणं. बाकीची अशी: भूक किंवा वजन कमी होणं किंवा वाढणं, झोप न येणं किंवा अति येणं, हालचाल-बोलणं मंदावणं किंवा उलट एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थता, कायम थकवा, आपण नालायक आहोत किंवा सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटणं, लक्ष न लागणं आणि साधे निर्णयही न घेता येणं, आणि मरणाचे विचार. शिवाय या सगळ्यामुळे रोजचं जगणं, अभ्यास, नाती यांवर परिणाम झालेला असायला हवा.

यात एक गोष्ट नीट बघा, उदास वाटणं हे सक्तीचं लक्षण नाहीये. रस गेलेला असला तरी पुरे. खूप मुलांना रडूबिडू काही येत नाही, त्यांना काहीच वाटत नाही, आणि 'मी तर दुःखी नाहीये, म्हणजे मला डिप्रेशन नसणार' असं समजून ते गप्प बसतात. तरुण वयात उदासीपेक्षा चिडचिड जास्त दिसते असंही होतं, बारीकसारीक गोष्टींवरून रूममेटवर खेकसणं, घरचा फोन आला की डोकं फिरणं. काहींना आधी शरीरातूनच कळतं, डोकं दुखतं, पोट बिघडलेलं असतं, अंग जड वाटतं, आणि सगळ्या टेस्ट नॉर्मल येतात.

कॉलेजमध्ये हे ओळखू न येण्याचं कारण साधं आहे, आजूबाजूला सगळेच उशिरा झोपतात, सगळेच लेक्चर बुडवतात, सगळेच सबमिशन शेवटच्या रात्री करतात. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही, आणि ज्याला होतंय तोही स्वतःला आळशी म्हणून मोकळा होतो. पण आळस आणि यात फरक असतो. कंटाळा करून लेक्चर बुडवलं तर माणूस तो वेळ कशात तरी मजेत घालवतो. डिप्रेशनमधला माणूस लेक्चर बुडवून पलंगावर पडून राहतो, हातात मोबाइल असतो, तीन तास रील्स सरकतात, त्यातलं एकही आवडत नाही, आणि पूर्ण वेळ डोक्यात 'उठायला पाहिजे, उठायला पाहिजे' चालू असतं. यात मजा कुठेच नाही. मला तर वाटतं हा एकच प्रश्न स्वतःला विचारून बघावा, की जे टाळतोय त्या वेळात मला बरं वाटतंय का.

अभ्यासाचंही तसंच. डिप्रेशनमध्ये लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग या सगळ्यांवर परिणाम होतो, हा आजाराचाच भाग आहे, मनाचा कमकुवतपणा नाही. एक पान चार वेळा वाचूनही डोक्यात काही शिरत नाही, मग माणूस आणखी तास बसतो, तरी होत नाही, मार्क घसरतात, मग 'माझी लायकीच नाही' हे सिद्ध झाल्यासारखं वाटतं, त्यातून उदासी वाढते आणि लक्ष आणखी उडतं. हे चक्र एकदा सुरू झालं की फक्त जास्त तास बसून ते तुटत नाही. आणि हे सगळं चालू असताना काहींचे मार्क चांगलेच येत असतात, कार्यक्रमात तेच पुढे असतात, सगळ्यांशी हसून बोलतात आणि खोलीत आल्यावर दार लावून पडून राहतात. अशांना मदत मिळायला सगळ्यात उशीर होतो, कारण कुणाला शंकाच येत नाही.

हे वय मुळातच धोक्याचं आहे. मानसिक आजार आयुष्यात कधी सुरू होतात यावर २००५ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की ज्यांना असे आजार होतात त्यांच्यातल्या निम्म्यांना ते १४ व्या वर्षापर्यंत आणि चारातल्या तिघांना २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ८ देशांतल्या १९ कॉलेज-विद्यापीठांमध्ये पहिल्या वर्षाच्या जवळपास १४ हजार विद्यार्थ्यांचा सर्व्हे झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. त्यांच्या प्रश्नावलीनुसार साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन येऊन गेलं होतं. म्हणजे साठ जणांच्या वर्गात बारा. त्या बारा जणांना एकमेकांबद्दल काही माहीत नसतं, प्रत्येकाला वाटतं आपणच एकटे.

का होतं याचं एका वाक्यात उत्तर नाही, आणि जो एका वाक्यात देईल त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. आनुवंशिकतेचा वाटा आहे, जुळ्यांवरच्या अभ्यासांतून तो साधारण ३५ ते ४० टक्के धरला जातो, म्हणजे घरात कुणाला असेल तर शक्यता वाढते पण नक्की होईलच असं नाही आणि घरात कुणालाच नसेल तरी होऊ शकतं. लहानपणचे वाईट अनुभव, सततचा ताण, एकटेपणा, घर सोडून नव्या ठिकाणी येणं, पैशाची ओढाताण, बिघडलेली झोप, दारू-नशा, हे सगळं त्यात भर घालतं. 'मेंदूत सिरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतं' ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, पण ती फार सोपी करून सांगितलेली आहे, २०२२ मध्ये आधीच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यात या साध्या स्पष्टीकरणाला ठोस पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ औषधं काम करत नाहीत असा नाही, ती नेमकी कशी काम करतात ते त्या एका ओळीपेक्षा गुंतागुंतीचं आहे एवढाच. आणि कधीकधी मूळ दुखणं शरीरातच असतं. थायरॉइड कमी काम करत असेल, रक्त कमी असेल, बी-१२ ची कमतरता असेल तर हुबेहूब असाच थकवा आणि उदासी येऊ शकते, म्हणून डॉक्टरने रक्त तपासायला सांगितलं तर वैतागू नका.

आता सगळ्यात अवघड वाक्याकडे येऊ, 'माझं एवढं काही वाईट नाहीये.' लोकांना माझ्यापेक्षा किती मोठे प्रॉब्लेम आहेत, मला खायला-प्यायला मिळतं, आईबाप फी भरतात, मग मी कशाला रडायचं. हा विचार खूप समजूतदार वाटतो पण नीट बघितलं तर तो वर सांगितलेल्या लक्षणांपैकीच एक आहे, आपली किंमत नाही आणि आपलीच चूक आहे असं वाटणं. आजारच सांगत असतो की तू आजारी नाहीस. ताप आल्यावर कुणी असं म्हणत नाही की जगात कॅन्सरचे पेशंट आहेत मग मी पॅरासिटमॉल कशाला घेऊ. मदत घ्यायला कुठली पात्रता परीक्षा नसते. आणि हलकं असताना गेलं तर उपचारही हलके पुरतात, बऱ्याचदा औषधाशिवाय भागतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

स्वतःचा अंदाज घ्यायचा असेल तर पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे, २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, जगभर डॉक्टर वापरतात, फुकट आहे आणि अनेक भाषांत मिळते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७ पैकी. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र आणि २० पासून तीव्र असं धरतात. १० किंवा जास्त आले तर डॉक्टर किंवा काउन्सेलरला भेटाच, पण कमी आले आणि तरी जगणं अवघड झालंय तरीही भेटाच, कारण ही प्रश्नावली म्हणजे निदान नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर एकूण स्कोअर कितीही असू दे, कुणाशी तरी बोला.

कुणाकडे जायचं याचा गोंधळ सगळ्यांनाच असतो. काउन्सेलर किंवा समुपदेशक बोलून मदत करतात, खूप कॉलेजांमध्ये असतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेले असतात, टेस्ट घेतात, थेरपी देतात, सहसा औषधं देत नाहीत. सायकायट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हे एमबीबीएससारखं डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन पुढे मनाच्या आजारांत स्पेशलाइज झालेले असतात, निदान करतात आणि औषधं देतात. कुठून सुरू करायचं हे कळत नसेल तर जो जवळ आहे आणि लवकर भेटतो तिथून करा, नेहमीचे फॅमिली डॉक्टर असले तरी चालतील, ते पुढे पाठवू शकतात. चुकीच्या दारात गेलात तरी नुकसान नाही, योग्य दार ते सांगतील. मात्र झोप-जेवण पूर्ण बिघडलंय, अंथरुणातून उठवत नाही, मरणाचे विचार येतायत, किंवा कुणी नाही तरी आवाज ऐकू येतात, असं असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञ.

पहिल्या भेटीत काय होतं, तर बहुतेक वेळ प्रश्न असतात. कधीपासून, झोप कशी, भूक कशी, अभ्यास, मित्र, घरी कुणाला असा त्रास, आधी कधी झालंय का, दारू-सिगरेट-इतर काही, दुसरी औषधं कोणती, मरणाचे विचार येतात का. सोफ्यावर झोपवून डोळे मिटायला लावत नाहीत. तिथे बसल्यावर नेमकं सगळं विसरायला होतं, किंवा समोर डॉक्टर दिसला की तोंडातून 'ठीक आहे' निघून जातं, म्हणून आधी मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून न्या. झोप किती वाजता लागते, किती वाजता जाग येते, वजन बदललं का, किती लेक्चर गेले, शेवटचं कधी मनापासून बरं वाटलं होतं, आणि सगळ्यात वाईट दिवस कसा जातो. बोलता येत नसेल तर फोन सरळ डॉक्टरच्या हातात द्या, त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही. सुरुवात कशी करायची कळत नसेल तर एवढं वाक्य पुरतं: 'मला बरेच दिवस काहीच करावंसं वाटत नाहीये, अभ्यास होत नाही, झोप बिघडली आहे, मला डिप्रेशन आहे का ते बघायचंय.'

एक गोष्ट मुद्दाम सांगा, डॉक्टरने विचारली नाही तरी. कधी याच्या उलट झालंय का, म्हणजे कित्येक दिवस प्रचंड उत्साह, दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं सुसाट, उधळपट्टी, भलतेच बेत. असं होऊन गेलं असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो, आणि त्यात नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर काही पेशंटचा मूड दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, तिथे उपचार वेगळे असतात.

घरी कळेल का, कॉलेजला कळेल का, ही भीती खरी आहे. तुम्ही सज्ञान असाल तर डॉक्टर-थेरपिस्टशी झालेलं बोलणं साधारणपणे त्यांच्याकडेच राहतं, अपवाद म्हणजे तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर, आणि काही कायदेशीर बाबी. नियम जागोजागी थोडे वेगळे असतात, त्यामुळे पहिल्याच भेटीत सरळ विचारा की मी जे बोलेन ते कुणाकुणाला कळेल, चांगला काउन्सेलर हे न रागावता नीट सांगतो.

उपचार म्हणाल तर मुख्य दोन, बोलण्याचे आणि औषधाचे, आणि आजार जास्त असेल तर दोन्ही मिळून जास्त चांगला फरक पडतो. बोलण्याच्या उपचारांत सीबीटीवर, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीवर, खूप अभ्यास झालाय, एरन बेक या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात याची सुरुवात केली. यात आपोआप येणारे विचार पकडायला शिकवतात, 'एक पेपर गेला म्हणजे मी आयुष्यात काहीच करू शकणार नाही' असा विचार आला की तो लिहायचा, त्याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, मित्राला असं झालं असतं तर त्याला आपण काय म्हटलं असतं, असं तपासायचं. उगाच पॉझिटिव्ह विचार करायचा असं यात नसतं. इंटरपर्सनल थेरपी नावाचा एक प्रकार आहे, तो नाती, वियोग, आयुष्यातले मोठे बदल यांवर काम करतो. आणि बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणून एक आहे, माझ्या मते विद्यार्थ्यांना कळायला सगळ्यात सोपा. आपल्याला वाटतं आधी मन लागेल मग काम होईल, डिप्रेशनमध्ये मन लागायची वाट बघत बसलं की ते लागतच नाही, म्हणून यात उलटीकडून सुरू करतात, आधी अगदी छोटं काम, वेळ ठरवून, मन असो नसो, आणि मन मागून हळूहळू येतं. छोटं म्हणजे खरंच छोटं, आंघोळ करणं, खोलीबाहेर दहा मिनिटं चालणं, एका मित्राला मेसेज. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये डिप्रेशन असलेल्या मोठ्या माणसांना हा सोपा प्रकार सीबीटीच्या बरोबरीने उपयोगी पडलेला दिसला. थेरपी साधारण आठवड्याला एक सेशन अशी काही महिने चालते. पहिल्या एक-दोन सेशननंतर उलट जड वाटू शकतं कारण दाबून ठेवलेलं वर येतं. पण तीन-चार भेटींनंतरही समोरचा आपलं ऐकतच नाही, नुसता उपदेश करतो असं वाटलं तर बदला, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही, सगळ्यांचं सगळ्यांशी जमत नाही.

औषधांची भीती जास्त असते म्हणून जरा सविस्तर. सहसा आधी एसएसआरआय या, सिरोटोनिनवर काम करणाऱ्या, गटातलं औषध देतात, यातलं फ्लुओक्सेटिन अमेरिकेत १९८७ पासून मंजूर आहे, म्हणजे डॉक्टरांना या गोळ्यांचा काही दशकांचा अनुभव आहे. ही झोपेची गोळी नाही आणि नशाही नाही, डोस वाढवत नेण्याची तलफ लागत नाही, पण अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोप बिघडणं, अंगात करंट लागल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची. फरक लगेच नाही पडत, दोन ते चार आठवड्यांनी जाणवायला लागतो आणि पूर्ण अंदाज यायला सहा-आठ आठवडे लागतात. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकतो, मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल, बेचैनी, आणि नेमकं इथेच मुलं गोळी सोडतात, फायदा सुरू व्हायच्या आधीच. सुरुवातीचे बरेच त्रास काही दिवसांत कमी होतात, लैंगिक इच्छेवर होणारा परिणाम राहू शकतो, तो लाजून न सांगता गोळी बंद करण्यापेक्षा डॉक्टरला सांगा, औषध बदलता येतं.

पंचविशीच्या आतल्यांसाठी एक इशारा आहे तो लपवून उपयोग नाही. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २००४ मध्ये लहान मुलं आणि किशोरवयीनांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर ठळक सूचना टाकायला लावली, की सुरुवातीच्या काळात काहींमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ औषध घेऊच नका असा नाही, आजार तसाच ठेवण्यातही धोका असतोच. अर्थ असा की पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावर जवळच्या एका माणसाला माहीत असावं, फॉलोअप चुकवू नये, आणि अचानक बेचैनी किंवा असे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरला कळवावं. पहिल्या औषधाने नाही बरं वाटलं तरी ते फार सामान्य आहे, अमेरिकेत चार हजारच्या आसपास पेशंटवर एक अभ्यास झाला होता त्यात पहिल्या औषधाने जेमतेम तीनातला एक जण पूर्ण बरा झाला, बाकीच्यांपैकी अनेकांना औषध बदलून किंवा जोड देऊन पुढच्या टप्प्यांत फरक पडला. 'माझ्यावर काहीच चालत नाही' असा निष्कर्ष पहिल्याच गोळीवरून काढू नका.

आता कुणाला कसं सांगायचं. मेसेजमध्ये तीन गोष्टी असल्या की पुरे, काय होतंय, कधीपासून, आणि समोरच्याने नक्की काय करायचं. 'बोलायचंय यार' असा मेसेज पाठवला तर समोरचा 'हो बोल ना' म्हणतो आणि आपण पुन्हा गप्प. त्यापेक्षा असा लिहा: 'गेला महिनाभर मला बरं नाहीये, झोप नाही, अभ्यास नाही, रडू येतं. मला डॉक्टरकडे जायचंय पण अपॉइंटमेंट घ्यायचंही जमत नाहीये. तू घेशील का आणि सोबत येशील का?' मित्राला काय करायचं ते कळलं की तो करतो.

आईबाबांना सांगताना 'डिप्रेशन' या शब्दावरूनच वाद सुरू होतो, 'एवढ्याशा वयात कसलं टेन्शन', 'मोबाइल ठेव बाजूला, सगळं बरं होईल'. त्यांना समजत नाही म्हणून ते वाईट असतात असं नाही, बहुतेक वेळा घाबरलेले असतात. तिथे शब्दावर अडू नका, शरीराचं सांगा, 'आई, मला तीन आठवडे झोप लागत नाहीये, वजन कमी झालंय, वाचलेलं डोक्यात राहत नाहीये, मला एकदा डॉक्टरकडे ने.' एकच मागणी, भेटीची. बाकीचं डॉक्टर समजावतील. आणि ज्या घरात सांगणंच सुरक्षित नाही तिथे आधी मावशी, काका, मोठी ताई, एखादे सर किंवा मॅडम यांच्यापैकी कुणाला तरी सांगा, घरीच आधी सांगायला हवं असा नियम नाही.

कॉलेजमध्ये सगळी कहाणी सांगायची गरज नाही. 'तब्येतीचा प्रॉब्लेम आहे, उपचार चालू आहेत, सबमिशनला मुदत मिळेल का' एवढं सांगितलं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं की बऱ्याच ठिकाणी काहीतरी मार्ग निघतो. फक्त हे डेडलाइनच्या आधी करा, अटेंडन्स पूर्ण गेल्यावर आणि विषय बुडाल्यावर त्यांच्याही हातात फार काही राहत नाही. एखादी टर्म थांबायचा विचार असेल तर निर्णय डॉक्टरशी बोलून, थोडं बरं वाटल्यावर घ्या, सगळ्यात वाईट आठवड्यात फॉर्म भरून कॉलेज सोडू नका.

मरणाच्या विचारांबद्दल सरळच लिहिते. डिप्रेशनमध्ये असे विचार येतात, ते आले म्हणजे माणूस वेडा किंवा वाईट होत नाही, आणि ते सांगितल्याने वाढत नाहीत. मित्राला 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का' असं स्पष्ट विचारल्याने त्याच्या डोक्यात नवीन काही भरत नाही, यावर अभ्यास झालेत, उलट कुणीतरी विचारलं म्हणून पुष्कळांना हायसं वाटतं. विचार तीव्र असतील, काही ठरवलेलं असेल, तर ही अपॉइंटमेंटची वाट बघायची वेळ नाही, जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा किंवा इमर्जन्सी नंबरला फोन लावा, एकटे राहू नका, ज्याने इजा होऊ शकेल ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या. तुम्ही मित्र असाल तर त्याला एकटं सोडू नका, आणि त्याने 'कुणाला सांगू नकोस' अशी शपथ घातली असेल तर ती मोडा, तो चिडेल, चिडू दे. आत्महत्या रोखण्यासाठीच्या मोफत हेल्पलाइन बहुतेक देशांत आहेत, तुमच्याकडची शोधून नंबर आजच सेव्ह करून ठेवा, गरज पडते त्या रात्री शोधत बसायची ताकद नसते.

मित्रांनी एरवी काय करायचं तर सल्ले कमी, सोबत जास्त. 'जिमला जा', 'देवाचं नाव घे', 'तुला काय कमी आहे' हे सगळं त्याने आधीच स्वतःला ऐकवून झालेलं असतं. त्यापेक्षा जेवायला चल म्हणून दारात उभं राहणं, नोट्स पाठवणं, ओपीडीत शेजारी बसणं, आणि उत्तर नाही आलं तरी दोन दिवसांनी पुन्हा मेसेज करणं. तुम्ही त्याचे डॉक्टर नाही, रात्र रात्र जागून स्वतःची तब्येत बिघडवू नका, आणखी दोघांना सोबत घ्या.

उपचार चालू असताना आपल्या बाजूने करायच्या गोष्टींत मी झोपेला पहिला नंबर देईन, झोपायची वेळ हातात नसते पण उठायची वेळ बऱ्यापैकी असते, रोज साधारण एकाच वेळी उठणं आणि सकाळचा उजेड अंगावर घेणं यापासून सुरू करा. व्यायामाने सौम्य आणि मध्यम डिप्रेशनमध्ये फरक पडतो, चालणंसुद्धा चालतं. दारूने त्या रात्रीपुरतं हलकं वाटतं पण झोप आणि दुसऱ्या दिवसाचा मूड दोन्ही बिघडतात आणि औषधांशीही तिचं जमत नाही. हे सगळं उपचारांच्या जोडीने, त्यांच्याऐवजी नाही.

आणि बरं वाटायला लागलं की गोळी थांबवायचा मोह होतो, तो टाळा, बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने किंवा जास्त औषध चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर सोडलं तर परत येण्याची शक्यता वाढते. एकदा येऊन गेलेलं डिप्रेशन जवळपास निम्म्या लोकांना पुन्हा कधीतरी येतं, म्हणून आपली सुरुवातीची चिन्हं लिहून ठेवा, कुणाची झोप आधी जाते, कुणी मेसेजला उत्तरं देणं बंद करतं, कुणी आंघोळ टाळायला लागतं, आणि ती यादी एका जवळच्या माणसाकडे देऊन ठेवा म्हणजे तुमच्या आधी त्याच्या लक्षात येईल. औषध बंद करायची तारीख डॉक्टरसोबत ठरवताना परीक्षेचं टाइमटेबल सोबत न्या, परीक्षेच्या तोंडावर किंवा होस्टेल बदलायच्या महिन्यात ते काम काढू नका.